सेकंदबाईंची कॉलर

सेकंदबाईंना अंघोळीला सहा मिनिटं दहा सेकंद लागतात, त्यांचा चहा चार मिनिटं वीस सेकंदांत होतो, आणि त्यांच्या नवऱ्याला साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला सरासरी सव्वा मिनिट लागतं. हे सगळं त्या स्वतःच सांगतात, कोणी विचारलेलं नसताना. त्यांचं खरं नाव कागदपत्रांवर असेल कुठेतरी. शर्टांच्या कारखान्यात मात्र सव्वीस वर्षं त्यांना सगळे सेकंदबाईच म्हणत, आणि ते पाठीमागे म्हणत असल्यामुळे पहिल्या आठवड्यातच त्यांच्या कानावर आलं होतं.

काम असं होतं. शिवणाऱ्या बाईच्या मागे जाऊन उभं राहायचं. एका हातात स्टॉपवॉच, छातीशी फळी, फळीवर नोंदवही. कोणी खिसा लावते, कोणी बाही जोडते, कोणी कॉलर बसवते. दहा नगांचा वेळ घ्यायचा, सरासरी काढायची, दोरा तुटणं आणि पाणी पिणं यांची थोडी सूट धरायची, आणि त्यावरून त्या कामाचा दिवसाचा कोटा ठरवायचा. कॉलर बसवायला अडतीस सेकंद ठरले, की झाले अडतीस. कोणी कोटा लवकर संपवून हात झाडत बसली, तर पुढच्या महिन्यात कोटा वाढायचा. सेकंदबाईंना यात अन्याय दिसत नसे. त्यांच्या मते जगात अन्याय होतो तो अंदाजपंचे बोलणाऱ्या लोकांमुळे. अर्धा सेकंद इकडचा तिकडे न करणारा माणूस कोणाचं वाईट कसं करेल?

निवृत्त झाल्यावर कारखान्याने निरोप म्हणून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. फार डोकं चालवलं नसावं. मग तीन महिने त्या घरी बसल्या आणि घराचा कारखाना झाला. नवरा चित्रकलेचा निवृत्त मास्तर. दाढी करायला एकोणीस मिनिटं का लागतात याचा खुलासा रोज द्यावा लागल्यावर त्याने एका सकाळी साबणाच्या फेसासकट जाहीर केलं, "अगं, तू तरी कुठे शिकायला जा, नाहीतर मी तरी जातो."

सेकंदबाई गेल्या. पदवी त्यांनी नोकरी करता करताच घेतली होती. विद्यापीठाची माहितीपुस्तिका चाळताना स्त्री-अभ्यास विभागाच्या पानावर एका पेपरचं नाव दिसलं, 'स्त्रियांचे श्रम आणि वेळ', आणि त्यांचे डोळेच चमकले. हा पेपर आपल्याखेरीज दुसऱ्या कोणासाठी काढलेला असूच शकत नाही, अशी त्यांची खात्री झाली. घरात सव्वीस वर्षांच्या बावन्न नोंदवह्या होत्या. त्यांनी इमारतीतल्या यच्चयावत माणसांना सांगून टाकलं, की दोन वर्षांनी पहिला नंबर आपलाच आहे.

स्त्री-अभ्यास विभाग मुख्य इमारतीला वळसा घालून सायकलींच्या छपराशेजारी होता. दोनच खोल्या. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत असत; त्या खुर्च्या अजून तिथेच होत्या, फक्त आता त्यांवर विद्यार्थी बसत. वर्गात अठरा जण. त्यांत दोन मुलगेही होते, आणि पहिले पंधरा दिवस ते प्रत्येक वाक्याआधी माफी मागत. सगळी पोरं सेकंदबाईंना काकू म्हणत आणि त्यांच्या डब्यावर डोळा ठेवून असत. शिकवणाऱ्या मॅडम सेकंदबाईंच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान.

पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, "घरातल्या बाईचं काम कधी मोजलंच जात नाही."

"मोजता येतं की," सेकंदबाई हात वर करून म्हणाल्या. "मला एक आठवडा द्या आणि कोणाचंही स्वयंपाकघर द्या."

"पण आकडा मोजणाऱ्यावरही अवलंबून असतो, काकू. कोण मोजतंय, कोणासाठी मोजतंय, समोरची बाई त्याला काय दाखवतेय."

हे काही सेकंदबाईंच्या पचनी पडलं नाही. "सेकंद तो सेकंद," त्या म्हणाल्या. "मोजणारा कलेक्टर असो की कंडक्टर." वर्ग हसला. मॅडमही हसल्या. सेकंदबाईंना वाटलं आपण वाद जिंकला.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाची वेळ आली, तेव्हा त्यांनी बावन्न वह्या दोन पिशव्यांत भरून मॅडमच्या टेबलावर मांडल्या. मॅडमनी तासभर वह्या चाळल्या. अक्षर मोत्यासारखं, रकाने आखीव, एकही खाडाखोड नाही.

"फारच सुंदर," मॅडम म्हणाल्या. "पण यात बायका कुठे आहेत?"

"म्हणजे? पानोपानी आहेत. मशीन नंबर बारा, मशीन नंबर तेरा."

"त्या काय म्हणतात, ते कुठे आहे? निदान एका बाईने तुमच्यासमोर बसून, स्वतःच्या मर्जीने, आपल्या कामाबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय मी प्रबंधावर सही करणार नाही. दहा आठवडे आहेत."

सही नाही म्हणजे प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही म्हणजे पदवी नाही. पहिल्या नंबराचा तोरा होताच, पण खरं सांगायचं तर सेकंदबाईंच्या मनात त्याहून साधी एक गोष्ट होती. या बावन्न वह्या बरोबर आहेत, असं कोणीतरी शहाण्या माणसाने एकदा म्हणावं. कारखान्यात त्यांना पगार मिळाला, घड्याळ मिळालं, पण हे कोणी म्हटलं नव्हतं.

त्या जुन्या बायकांची दारं ठोठावायला निघाल्या. खिसेवालीने दार उघडलं, ओळख पटताच दूध उतू जात असल्याचं सांगितलं आणि दार लावलं. बाहीवालीने घरात घेतलं, पाणी दिलं आणि समोर हाताची घडी घालून बसली. "कोटा बरोबर होता बाई. मशीन बरोबर होतं. तुम्ही पण बरोबर होतात. अजून काय?" बटणवाली तर खिडकीतून बघून घरात नाहीच झाली. आठ घरं झाली, आठ आठवडे उरले, आणि सेकंदबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आपण कोणाला आवडत नव्हतो हे त्यांना ठाऊक होतं. आपली भीती अजून शिल्लक आहे हे मात्र आत्ता कळत होतं, आणि ते त्यांना अजिबात बरं वाटलं नाही.

राहता राहिली कॉलरवाली. मशीन नंबर बारा, चोवीस वर्षं. आता ती बाजाराच्या रस्त्यावर, किल्ल्या बनवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या फटीत, कपडे अल्टर करून द्यायचं दुकान चालवत होती. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाइकाने रस्त्यावरच उभं राहायचं. तिने सेकंदबाईंचं बोलणं सुई दातात धरून ऐकलं. मग सुई काढली.

"सांगेन. सगळं सांगेन. पण एक अट आहे. आधी तुम्ही मशीनवर बसायचं आणि कॉलर बसवायची. मागे मी उभी राहणार. घड्याळ माझ्या हातात."

"मला शिवता येत नाही," सेकंदबाई म्हणाल्या.

कॉलरवाली त्यांच्याकडे बघतच राहिली. "सव्वीस वर्षं तुम्ही आमचा वेळ काढलात, आणि तुम्हाला शिवता येत नाही?"

"मोजायला शिवता यावं लागत नाही."

"तरीच," कॉलरवाली म्हणाली आणि तिने स्टूल पुढे सरकवलं.

कॉलर बसवणं म्हणजे वाकड्या गळ्याला सरळ पट्टी जोडायची, तीही अशी की दोन्ही टोकं समोरासमोर बरोबर यावीत आणि मध्ये एकही चुणी राहू नये. सेकंदबाईंनी हे हजारो वेळा पाहिलं होतं. पहिल्या कॉलरला त्यांना अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागली, दोन सुया मोडल्या, आणि कॉलर अशी बसली, की शर्ट घालणाऱ्याने जन्मभर डावीकडेच बघितलं तर ठीक दिसावी. किल्लीवाला आपलं काम सोडून बघायला आला. झेरॉक्सवाल्यालाही आत गरम व्हायला लागलं.

दुपारचा वर्ग सुटला, की त्या रोज यायच्या. कॉलरवाली मागे उभी राहायची, एक शब्द न बोलता. तिचा श्वास मानेवर यायचा आणि सेकंदबाईंच्या हातांना घाम सुटायचा. कापड निसटायचं, शिलाई वाकडी जायची. चौथ्या दिवशी त्या एकदम म्हणाल्या, "अहो, मागे उभ्या राहू नका ना. सुचत नाही मला काही." म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. कॉलरवालीने स्टॉपवॉच बंद केलं, काही टोमणा मारला नाही, आणि आतल्या पिंपावर जाऊन बसली. ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

पंधरा दिवसांत सेकंदबाई सहा मिनिटांवर आल्या, महिन्याने दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर. घरात मास्तरच्या सगळ्या जुन्या शर्टांच्या कॉलरी उसवून परत बसवून झाल्या. मास्तर त्या घालून हिंडायचा. बिचाऱ्याला दोन वर्षांत दाढीचा रोज खुलासा द्यावा लागला नव्हता, त्यापुढे वाकडी कॉलर म्हणजे काहीच नाही.

मग एका दुपारी एक गिऱ्हाईक धावत आलं. चार शर्ट, चारही कॉलरी उलटवून हव्या, आणि पाऊण तासाने त्याची गाडी. "उठा बाई," कॉलरवाली म्हणाली. तिने स्टॉपवॉच सेकंदबाईंच्या हातात कोंबलं आणि त्यांना जवळजवळ ढकललंच. आधी भराभर चारही कॉलरी उसवून घेतल्या, मग पहिली उलटी केली, गळ्याला लावली, आणि मशीन सुरू झालं.

सेकंदबाईंच्या अंगठ्याने सवयीने बटण दाबलं. कॉलर बसली. अंगठ्याने परत बटण दाबलं. सेकंदबाईंनी घड्याळ पाहिलं, हलवलं, कानाला लावलं. दुसरी कॉलर मोजली. तिसरी मोजली. चौथी मोजली. आकडा तोच. तो किती होता ते इथे लिहिलेलं नाही, आणि विचारलंत तरी सांगितलं जाणार नाही. अडतीसाच्या पुष्कळ आत होता, एवढ्यावर भागवा.

गिऱ्हाईक गेलं. सेकंदबाईंनी विचारलं, "हे काय होतं?"

"कॉलर."

"मग कारखान्यात काय होतं?"

"तुमची कॉलर," कॉलरवाली शांतपणे म्हणाली.

आणि मग तिने सांगितलं. लाइनवर नवी पोरगी आली, की कॉलरवाली तिला आधी शिवायला शिकवायची आणि मग हळू शिवायला. हळू शिवणं अवघड. उगाच रेंगाळलं तर बाईंना कळणार. म्हणून रेंगाळायचं नाही, काम करायचं. कापड एकदा झटकायचं. कॉलर उलटसुलट करून बघायची. दोरा ओढून पाहायचा. पाय पायडलवर न्यायचा, काहीतरी आठवल्यासारखं करून मागे घ्यायचा. आणि दहाच्या दहा नगांना हे अगदी सारखं करायचं, कारण बाई सरासरी काढतात. घरी मनात गाणं म्हणून सराव करायचा. बाई पाठ वळवून गेल्या, की हात सुटे.

सेकंदबाईंना आठवलं, मशीन नंबर बारापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला होता, 'हालचालीत उत्तम सातत्य'. तोही एकदा नाही, वर्षानुवर्षं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षं या बायांनी आपल्याला हातोहात फसवलं. त्या तडक उठल्या, चप्पल उलटी घातली आणि निघाल्या.

दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. मास्तरची दाढी एका सकाळी सव्वीस मिनिटं चालली तरी हूं की चूं नाही. त्याने घाबरून मुलीला फोन केला. बावन्न वह्यांतला एकही आकडा खरा नव्हता. त्यांना आधी राग होता, मग लाज वाटली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळताना एक प्रश्न पडला, जो खरं तर दुकानातच पडायला हवा होता. मग वाचलेला वेळ गेला कुठे?

त्या परत दुकानात गेल्या. कॉलरवाली त्यांची वाटच बघत असावी, कारण स्टूल रिकामं होतं.

"बटणवालीला वाचता येत नव्हतं," ती म्हणाली. "चार वर्षांत शिकली वाचायला. मशीनखाली पुस्तक ठेवून. खिसेवालीची पाठ गेली होती, ती जेवणानंतर अर्धा तास गठ्ठ्यांमागे आडवी व्हायची. तिचे खिसे आम्ही लावायचो. कोणाचं मूल अंगावर पीत असलं तर ती अकरा दहाला उठायची, मागच्या खोलीत वीस मिनिटं बसून दूध काढून ठेवायची. तिचे नग दोन्ही शेजारणी ओढून घ्यायच्या. सुट्टी कोण देणार होतं? तुमच्या वहीत पाणी पिण्याची सूट होती, बाई. पाजण्याची नव्हती."

हे सेकंदबाईंच्या पाठीमागे घडत होतं, आणि 'पाठीमागे' म्हणजे अगदी दहा पावलांवर.

"लिहा सगळं," कॉलरवाली म्हणाली. "मी शब्द दिला होता. फक्त एक सांगते. बारा नंबरवर आता माझी सून बसते. चार महिन्यांचं बाळ आहे तिला. आणि कोटा अजून तुमचाच चालतो, अडतीसचा."

सेकंदबाईंनी दोन दिवसांत प्रकरण लिहून काढलं. आयुष्यात त्यांनी इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. मास्तरला वाचून दाखवलं, तर तो डुलकी न घेता शेवटपर्यंत बसला आणि म्हणाला, "पहिला नंबर तुझाच." त्यांनाही ते माहीत होतं. मॅडम म्हणाल्या असत्या, हेच तर मी तुम्हाला पहिल्या तासाला सांगत होते. गावाचं नाव बदलता आलं असतं, मशीनचा नंबर बदलता आला असता. पण शहरात शर्टांचा कारखाना एकच होता, आणि त्यातली सेकंदबाईही एकच. प्रबंध ग्रंथालयात ठेवतात, आणि तो वाचायला काही मनाई नसते. कारखान्यातल्या एका माणसाने जरी ते प्रकरण वाचलं, तरी पुढच्या महिन्यात लाइनमागे नवं स्टॉपवॉच उभं राहिलं असतं.

त्यांनी ती पानं फाडली. मग नव्याने बसल्या आणि ज्या एकाच बाईचा वेळ आपल्याला खात्रीने ठाऊक आहे, तिच्यावर प्रबंध लिहिला. म्हणजे स्वतःवर. शिवता न येणारी, मोजणारी बाई कॉलर बसवायला शिकली त्याचे चाळीस दिवस, अकरा मिनिटं चाळीस सेकंदांपासून दोन मिनिटं पाचपर्यंत. मागे कोणी उभं असताना हात कसे कापतात. कोणाला काय विचारायचं राहून गेलं. प्रबंधात कॉलरवालीचं म्हणणंही होतं, तिच्या मर्जीने आणि सहीने, पण त्यात ती फक्त कॉलरीबद्दल बोलत होती. मॅडमना प्रबंध आवडला. एक रकाना रिकामा का, एवढंच त्यांनी विचारलं. सराईत कामगार बाईला लागणारा वेळ तिथे हवा होता. सेकंदबाई म्हणाल्या, राहिला. मॅडमनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या विद्यापीठातून एक सर आले होते, कारखान्यांवर अभ्यास केलेले, चष्म्याच्या वरून बघणारे. सकाळी साडेदहाला सुरुवात झाली. आधी त्यांनी कौतुक केलं. मग त्यांनी बोट बरोबर रिकाम्या रकान्यावर ठेवलं.

"कारखान्याचं प्रमाण अडतीस सेकंदांचं. मला ते फार सैल वाटतं. या मशीनवर मुरलेली बाई याहून बरीच लवकर कॉलर बसवत असणार. तुम्ही त्या बाईंना प्रत्यक्ष शिवताना पाहिलंत?"

"पाहिलं."

"मोजलंत?"

मॅडम सेकंदबाईंकडे बघत होत्या. खरा आकडा सांगितला असता तर सर खुर्चीतून उठले असते, शोध लागला असता, पहिला नंबर हातात आला असता. त्यांच्या जिभेवर आकडा होता, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी चुकीचा आकडा तोंडातून काढलेला नव्हता.

"मोजलं," त्या म्हणाल्या. "अडतीस."

सरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय होतं ते नंतर गुणपत्रिकेबरोबर कळलं. 'संशोधिकेने कारखान्याचे जुने आकडे चिकित्सा न करता स्वीकारले आहेत.' दुसरा वर्ग मिळाला. पहिला नंबर माफी मागणाऱ्या मुलांपैकी एकाचा आला.

पण ते पुढचं. त्या सकाळी सेकंदबाई खोलीबाहेर आल्या, तेव्हा मॅडम मागोमाग आल्या. "काकू, चला, चहा घेऊ."

"तुम्ही व्हा पुढे," सेकंदबाई म्हणाल्या.

त्यांनी मनगटाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला आत्ता बारा नंबरवरची पोरगी उठली असेल, आणि अकरा आणि तेरा नंबरने तिचे नग आपल्याकडे ओढले असतील. सेकंदबाई सायकलींच्या छपराजवळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. मुलं जवळून जाताना "काकू, कसं झालं" विचारत होती. त्या नुसती मान हलवत होत्या. साडेअकरा होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग पोरगी जागेवर परत बसली असेल असा हिशेब करून त्या चहा प्यायला गेल्या.